दहापैकी नऊ

ईशा जमिनीवर पडली होती आणि औषधाच्या कपाटाला कुलूप होतं.

सात वर्षांची पोर. ओठ सुजून दुप्पट झालेले, डोळे मिटत चाललेले आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. जेवणाच्या हॉलमध्ये तिला जोआनच्या मांडीवर ठेवून मी ऑफिसकडे धावले. जोआन म्हणजे माझ्याबरोबरची दुसरी सुपरवायझर. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं मी धावले. ईशाचं इंजेक्शन त्या कपाटात होतं. कपाट लोखंडी. चावी सेक्रेटरीच्या कोटाच्या खिशात, आणि सेक्रेटरी तो कोट अंगात घालून रस्त्यापलीकडे सँडविच आणायला गेलेली. मी दांडा ओढला, लाथ मारली. कपाट हललंसुद्धा नाही.

ही पोर त्या शाळेत माझ्या शब्दावर आली होती.

मी शिक्षिका नाही. बार्शीला चौथीपर्यंत शिकले, पुढे बालवाडीत मदतनीस म्हणून बारा वर्षं पोरांना खिचडी वाढली. दोन हजार सालानंतर मुलगा कॅल्गरीला तेलकंपनीत इंजिनियर म्हणून आला आणि नातू सांभाळायला मला बोलावून घेतलं. नातू शाळेत जायला लागल्यावर मी घरात बसून काय करणार? त्याच्याच शाळेत लंचरूम सुपरवायझर हवी होती. रोज दोन तास. डबे उघडून द्यायचे, सांडलेलं पुसायचं, मारामाऱ्या सोडवायच्या. माझं इंग्रजी सहा वर्षांच्या पोरांनी शिकवलं, त्यामुळे ते अजूनही सहा वर्षांचंच आहे. सात वर्षं मी ते काम केलं.

शाळा चार्टर होती. इकडच्यांना हे ठाऊक असतं, पण हा अंक भारतातही जातो म्हणून सांगते. अशी शाळा सरकारी पैशावर चालते, फी नसते, पण शहराच्या बोर्डाच्या ताब्यात नसते. तिचं स्वतःचं मंडळ, स्वतःची पद्धत. आमच्या शाळेत युनिफॉर्म होता, बाकं रांगेत होती, पाढे पाठ करून घ्यायचे आणि रोज होमवर्क असायचा. आपल्या लोकांना आणखी काय हवं? ओटावाहून, एटोबिकोहून बदली होऊन आलेलं मराठी कुटुंब आधी शाळेचं नाव विचारायचं, मग घर शोधायचं. वेटिंग लिस्ट इतकी लांब की एका जोडप्यानं पोर जन्मायच्या आधी फॉर्म नेऊन दिला. नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून नुसतं आडनाव लिहिलं. सेक्रेटरी हसली. मी हसले नाही, कारण फॉर्म नेऊन द्या असं मीच सांगितलं होतं.

मला विचारायला लोक कधीपासून यायला लागले ते आठवत नाही. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी म्हणालं, "काकू आतल्या आहेत, काकूंना विचारा." मग फोन सुरू झाले. रविवारी सूनबाई म्हणायची, "आई, तुमचं ऑफिस उघडा, दोघं जण बाहेर बूट काढतायत." चहा तिलाच करावा लागायचा.

मी त्यांना सांगायचे ते साधंच. जानेवारीत ओपन हाउस असतो, शनिवारी. त्या दिवशी युनिफॉर्म इस्त्रीचे, फळे पुसलेले, पाहुण्यांना फिरवायला निवडक पोरं. त्या दिवशी फक्त पार्किंग बघा. शाळा बघायची तर मंगळवारी या, जेवणाच्या वेळेला. लहान पोरांच्या वॉशरूममध्ये जाऊन वास घ्या. हरवलेल्या हातमोज्यांचा खोका बघा. भरून वाहत असेल तर त्या शाळेत पोरांकडे कुणाचं लक्ष नाही असं समजा. हॉलमध्ये एकटं बसून खाणारी पोरं किती आहेत ती मोजा, आणि मोठ्या माणसांचं त्यांच्याकडे लक्ष आहे का तेही बघा. आणि शाळेनं पुढे केलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.

नागपूरचे एक साहेब लॅपटॉप घेऊन आले होते. त्यात तीन शाळांचे रकाने. "काकू, रेटिंग द्या. शिस्त, दहापैकी किती?"

"नऊ."

"वाचन?"

"नऊ."

"सोशल डेव्हलपमेंट?"

"ते काय असतं?"

"म्हणजे पोरं एकमेकांशी कसं वागतात."

"पोरांसारखंच वागतात. लिहा नऊ."

त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. साहेबांनी मात्र खरंच नऊ लिहिलं. तेव्हापासून मंडळात म्हणायला लागले, काकूंनी शाळेला दहापैकी नऊ दिलेत. ते नऊ मला चिकटले. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू? चौथी शिकलेल्या बाईला पीएचडी झालेली माणसं विचारायला येतात, तिच्या शब्दावर घरं घेतात. हे डोक्यात जातं.

सांगायला हवं होतं ते सगळं मी सांगत नव्हते. शाळेचा निकाल उत्तम यायचा, तो कसा यायचा ते मला दिसत होतं. तिसरीत एक पोरगा होता, वाचायला अडखळायचा. त्याच्या आईला तीन वेळा बोलावून गोड बोलून सांगितलं, की ही शाळा त्याला योग्य नाही, त्याला जास्त मदत मिळेल अशी जागा शोधा. ती रडत माझ्यासमोरून गेली. पोरगा पुढच्या वर्षी दिसला नाही, त्याच्या जागी वेटिंग लिस्टमधलं हुशार पोर आलं. दरवर्षी असे दोन-तीन जायचे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईबापाला वाटायचं, आपलं पोर त्या दोन-तिघांतलं नाही. मीही त्यांना तसंच वाटू द्यायचे.

आणि कपाटाचं मला माहीत होतं. ईशा यायच्या आधीच्या वर्षी एका पोराला दम्याचा पंप हवा होता, तेव्हाही सेक्रेटरी जागेवर नव्हती. ती दोन मिनिटांत आली आणि निभावलं. मी तिला म्हटलं, "Key, you keep here," आणि टेबलाच्या खणाकडे बोट दाखवलं. ती गोड हसली. "It's policy, dear." औषधं कुलपात ठेवायची असा नियम. कुणा पोरानं दुसऱ्याचं औषध घेऊ नये म्हणून. नियम करणाऱ्यानं चावीवाली बाई जेवते हे धरलं नव्हतं. मी प्रिन्सिपलकडे गेले नाही. दोन तासांची नोकरी, त्यात मी कोण सांगणारी?

मृणाल एटोबिकोहून आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. ईशा तिची एकुलती. ईशाला दाण्यांची ॲलर्जी होती. साधी नव्हे, जीव घेणारी. दोन वर्षांची असताना कुणाच्या तरी लाडवाचा एक कण खाऊन दवाखान्यात गेली होती. मृणालच्या घरात तेव्हापासून शेंगदाणा नव्हता. आमच्या सोलापूरकडच्या बाईला हे पटकन समजत नाही. आमच्या भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणी तर नुसती दाण्याचीच. मृणाल सगळं ओल्या नारळात करायची. उपवासाची खिचडीसुद्धा.

ती माझ्यासमोर सोफ्याच्या कडेवर बसली. तिनं वह्या, लॅपटॉप काही आणलं नव्हतं. एटोबिकोला असतानाच दोन वर्षांपूर्वी वेटिंग लिस्टवर नाव घातलं होतं, आता जागा लागली होती, आठ दिवसांत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"काकू, मला शिस्त, निकाल काही विचारायचं नाही. एकच सांगा. वेळ आली तर औषध हाताशी असतं ना?"

"असतं की. ऑफिसातच असतं."

"लगेच मिळतं?"

"अगं, हॉलच्या शेजारी ऑफिस आहे. आणि मी आहे ना तिथे!"

ऑफिसात असतं हे खरं होतं. शेजारी ऑफिस आहे हेही खरं होतं. कुलपाचं मी बोलले नाही. का बोलले नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तिचा चेहरा इतका उजळला होता, हे एक कारण. दुसरं म्हणजे नऊ दिलेल्या शाळेचा मार्क आता कसा कापायचा, हे. दुसरं कारण मोठं होतं.

ईशा दुसरीत आली. त्याच वर्गात सई होती, लातूरकडच्या वर्षा नावाच्या बाईची मुलगी. सईलाही मीच शाळा सुचवली होती. दोघी मराठी, म्हणून मी त्यांना जेवायला शेजारी शेजारी बसवलं. मला वाटलं, दोघी मराठी बोलतील. बोलायच्या इंग्रजीच, पण खिदळायच्या छान.

त्या दिवशी बाहेर उणे सव्वीस होतं. अशा थंडीत पोरं मैदानावर जात नाहीत, सगळी आतच, हॉलमध्ये गलका. एकानं दूध सांडलेलं, दुसऱ्याच्या नाकातून रक्त. माझ्यासमोर थर्मासची रांग, कारण लहान हातांना झाकणं उघडत नाहीत. सई आली, मी तिचा थर्मास उघडून दिला. आत साबुदाण्याची खिचडी होती. संकष्टी होती, सईच्या आईचा उपवास, तिनं लेकीलाही तीच दिली. वाफ माझ्या तोंडावर आली. खिचडीत कूट असतं हे मला कुणी सांगायला हवं होतं का? बारा वर्षं खिचडी वाढलेली बाई मी. "गरम आहे, हळू खा," एवढं म्हणून मी पुढचा थर्मास घेतला.

पोरांना शिकवलेलं असतं, दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं नाही. ईशाला तर रोज बजावलेलं. ती अनोळखी काही तोंडात घालणारी पोर नव्हती. पण खिचडी तिच्या ओळखीची होती. घरी आई करते तीच. तिनं सईला म्हटलं, "My mom makes this," आणि तीन चमचे खाल्ले. हे सईनं मला नंतर सांगितलं.

वर्षाला मी त्याच संध्याकाळी फोनवर विचारलं, शाळेचं पत्र वाचलं नव्हतंस का?

"वाचलं होतं काकू! पीनट बटर नको, नट्स नको. मी पीनट बटर घरात आणतसुद्धा नाही हो."

"आणि कूट?"

ती म्हणाली, "कूट... ते तर कूट असतं ना." आणि रडायला लागली. तिला मी काय बोलणार होते? मी स्वतःच्या हातानं झाकण काढून दिलं होतं.

तर मी कपाटाला लाथा घालत होते, तिथे पुन्हा येते. आवाज ऐकून हेक्टर आला. शाळेचा केअरटेकर, चिलीचा माणूस, बर्फ काढायचं, फरशा पुसायच्या, बिघडलेलं दुरुस्त करायचं. मी म्हटलं, "Girl no breath." त्यानं काही विचारलं नाही. पट्ट्यातला मोठा स्क्रूड्रायव्हर दाराच्या फटीत घातला आणि वरून हातोडा हाणला. तीन घावांत दार वाकलं, चौथ्याला उघडलं. सँडविचची पिशवी घेऊन सेक्रेटरी दारात आली तेव्हा मी इंजेक्शन घेऊन तिच्या बाजूनं निघाले होते. ती मागून "What happened to my cabinet?" असं काहीतरी ओरडली.

सप्टेंबरात आम्हाला खोट्या इंजेक्शनवर शिकवलं होतं. मांडीत, कपड्यावरूनच, जोरात दाबायचं आणि दहा मोजायचे. मी मराठीत मोजले. जोआन ओक्साबोक्शी रडत होती. ईशाचं तोंड निळसर झालेलं. सगळी पोरं भिंतीला चिकटून उभी होती आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आवाज नव्हता. ॲम्ब्युलन्स आली. तिला उचललं तेव्हा तिचा हात खाली लोंबत होता, तो एका माणसानं उचलून तिच्या पोटावर ठेवला.

साडेतीनला प्रिन्सिपलनं मला बोलावलं. चांगली बाई, कधी आवाज चढवायची नाही. मला बसवलं, पाणी दिलं, आणि टाइप केलेला कागद पुढे ठेवला. दवाखान्यातून अजून काही कळलं नव्हतं. कागद मात्र तयार होता.

"It's just what happened. Take your time."

मला इंग्रजी वाचता येतं ते पाट्या आणि डब्यांवरची नावं एवढंच. मी म्हटलं, "I take home? My daughter-in-law read."

"We need it today."

तिनं पेन पुढे केलं. मी सही केली. घरोघरी बायकांना वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून सांगणारी मी, न वाचता सही केली.

संध्याकाळी सुनेनं प्रत वाचली. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. "आई, यात लिहिलंय की औषध ठरलेल्या जागी होतं, स्टाफला मिळण्यासारखं होतं. आणि सुपरवायझरनं म्हणजे तुम्ही डबा उघडलात, पण आत काय आहे ते बघितलं नाही. कुलूप हा शब्द कुठेच नाही. तुम्ही यावर सही केलीत?"

"केली."

"पण आई, का?"

"पेन दिलं म्हणून," मी म्हटलं.

मुलानं मला दवाखान्यात नेलं. मृणाल कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती, कोट अंगातच, पायात बर्फाचे बूट. नवरा आत होता. मला वाटलं, ती माझ्या गळ्यात पडेल. माझी अक्कल तेवढीच.

"काकू, तो हेक्टर का कोण, त्यानं कपाट फोडलं म्हणे."

"हो."

"म्हणजे कुलूप होतं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"तू मला विचारायला आलीस, त्याच्या आधीपासून."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मी तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती काकू." मग आतून तिला हाक आली आणि ती गेली. मी तिथल्या खुर्चीवर बसले. मुलगा म्हणाला, "आई, चल." मी चालायला लागले.

शाळेनं घरोघरी पत्र पाठवलं. डब्यात काय द्यावं, काय देऊ नये, मुलांनी डबा वाटून खाऊ नये. वर्षाचं नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. मंडळाच्या हळदीकुंकवाला तिच्याशी कुणी बोललं नाही. माझ्याशी बोलले. मी शाळेतली काकू, माझी गरज होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तेवढंच माझ्यानं झालं. हेक्टरला कपाटाबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला. कपाटाला नवं दार आलं, नवं कुलूप आलं. चाव्या मात्र आता दोन झाल्या.

त्याच महिन्याच्या शेवटी ओपन हाउस होता. मी इस्त्रीचा ड्रेस घालून गेले. नेहमीप्रमाणे आपली माणसं माझ्याभोवती जमली, सहा घरं होती. मी त्यांना सगळं सांगितलं. कपाट, चावी, सँडविच, मी सही केलेला कागद, आणि अडखळत वाचणारी पोरं दरवर्षी कुठे जातात तेही. दोन पंजाबी बायका थांबल्या, त्यांना हिंदीत सांगितलं. प्रिन्सिपल दुरून बघत होती. तिला भाषा कळत नव्हती, पण लोकांची तोंडं कळत होती. पुढच्या सप्टेंबरात मला कामाचा फोन आला नाही. मीही केला नाही.

त्या सहाही घरांनी त्याच दिवशी फॉर्म भरले. एक गृहस्थ मला समजावत होते, "काकू, प्रत्येक शाळेत काही ना काही असतंच हो. ओव्हरऑल बघायचं." त्यांच्या मुलाला कसली ॲलर्जी नव्हती.

एकटी एक बाई मागे थांबली. पहिलटकरीण असावी, सहावा-सातवा महिना. फॉर्म तिच्या हातात होता, भरलेला.

"काकू, त्या मुलीचं पुढे काय झालं? ते तुम्ही सांगितलंच नाही."

कुणी विचारलंच नव्हतं. मी तिला सांगितलं. रात्रभर नळ्या लावून ठेवली होती, चौथ्या दिवशी घरी आली. आता साध्या सरकारी शाळेत जाते आणि औषध स्वतःच्या कमरेच्या पाकिटात ठेवते. ईशा जगली. हेक्टरनं दार फोडलं म्हणून जगली.